संथ शिकणाऱ्या मुलाला हिशेब कसा शिकवावा?

व्यापारी आणि कारागीर घराण्यांत मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की दुकानावर येऊ लागतो. हिशेब त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. तो पाहून पाहून शिकतो. पण अनेक घरांत एखादे मूल असे असते की ते नुसते पाहून शिकत नाही. कोणी आकडे उलटसुलट वाचतो, कोणाची समज वयाच्या मागे राहते, कोणाला दिसत नाही. अशा मुलाकडून आपण झाडू मारून घेतो, चहा आणवतो, थान उचलवतो. पण गल्ल्याजवळ फिरकू देत नाही.

आम्हीही हेच केले. सेलूतील आमच्या कापड दुकानात आमचा पुतण्या सतराव्या वर्षी येऊ लागला. कापड मोजण्यात त्याची बोटभरही चूक होत नसे. मात्र पाचशेची नोट समोर आली की तो घाबरे आणि हाताला येतील तेवढे पैसे परत देई. एकदा एका गिऱ्हाइकाने जास्त आलेले पैसे मुकाट्याने खिशात घातले. आम्ही सर्वांसमोर पुतण्यालाच रागावलो आणि वर्षभर त्याला गल्ल्यापासून दूर ठेवले. पुढे आमचे थोरले बंधू आजारी पडले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "माझ्यामागे याचा हिस्सा याच्या हातात राहील का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तराची वाट मात्र आमच्याच जिल्ह्यात पूर्वी दाखविण्यात आली आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसैन होते, जे 1967 साली राष्ट्रपती झाले. हाताने काम करता करता मुलाने शिकावे, सूत कातता कातता गणितही शिकावे, हे त्या योजनेचे सूत्र. संथ मुलाला पैशाचा हिशेबही असाच हाताने शिकवावा लागतो. आम्ही पुढील क्रमाने शिकविले.

नोटांची ओळख. खेळण्यातल्या नोटा वापरू नयेत, खऱ्याच घ्याव्यात. आठवड्याला एकच नोट शिकवावी. रंगावर भिस्त ठेवू नये. वीसची नवी नोट हिरवट पिवळी आणि दोनशेची पिवळी, त्यामुळे घोटाळा होतो. शंभराच्या जुन्या आणि नव्या नोटेचा रंग वेगळा, पण चलनात दोन्ही आहेत. म्हणून आकड्यावर बोट ठेवून वाचावयास लावावे. दिसत नसलेल्या मुलासाठी रिझर्व्ह बँकेने 2020 साली 'मनी' नावाचे मोबाइल ॲप काढले असून ते नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगते.

आकडा बोलण्याची रीत. आपण 65 लिहिताना सहा आधी लिहितो, पण 'पासष्ट' बोलताना पाच आधी येतो. उर्दूतही तसेच आहे. शिवाय उर्दू शाळेत अक्षरे उजवीकडून आणि आकडे डावीकडून लिहावयाचे. साधे मूल हे निभावून नेते, पण आकडे उलटे वाचणारे मूल 65 चे 56 करते. त्याला 'साठ पाच' असे म्हणू द्यावे. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी रीत दिली तेव्हा बरीच टीका झाली. आम्हाला मात्र तिचा उपयोग झाला.

सुटे देणे. वजाबाकी करावयास लावू नये. पुढे मोजावयास शिकवावे. माल 65 चा आणि नोट शंभराची असेल तर पाचचे नाणे ठेवून 'सत्तर' म्हणावे. मग एकेक दहाची नोट ठेवीत ऐंशी, नव्वद, शंभर. शंभर आले की हात थांबवावा. पुतण्याला हे जमण्यास चार महिने लागले. स्वतः खरेदी करताना सोपी युक्ती अशी: भाव 34 असेल तर तीन दहा आणि वर आणखी एक दहा द्यावे व उरलेले परत घ्यावे.

स्वतःचा पैसा. ठरलेल्या दिवशी ठरलेली मजुरी त्याच्या हातात द्यावी. तीन डबे करावेत: खर्चाचा, बचतीचा आणि सदक्याचा. पैसे उडविले तर पुढच्या मजुरीपर्यंत पुन्हा देऊ नयेत. दहाच्या नुकसानीतून शिकलेला पुढे दहा हजार सांभाळतो.

मोबाइलचे पैसे. गिऱ्हाइकाने दाखविलेला पडदा पाहून माल देऊ नये. आपल्या दुकानाच्या फोनवर रक्कम आली तरच द्यावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे त्याच्याकडून पाठ करून घ्यावे.

आता बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा व्यक्तीला मालमत्तेचा वारसा घेण्याचा व आपला पैसा सांभाळण्याचा इतरांच्या बरोबरीने हक्क दिला आहे. आकडे-अक्षरांची शिकण्यातील अडचणही त्या कायद्याच्या 21 प्रकारांत येते. ज्याला बौद्धिक अक्षमतेमुळे खरोखरच झेपत नाही, त्याच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. सूरह निसामध्येही कमी समज असलेल्यांचा पैसा सांभाळून त्यातून त्यांचे अन्नवस्त्र चालविण्याची आणि त्यांच्याशी गोड बोलण्याची ताकीद आहे. तेथेच अनाथांना पारखून, समज आल्यावर माल त्यांच्या हवाली करण्याचाही हुकूम आहे. पारखावयाचे तर आधी हातात काही द्यावे लागेल.

आज पुतण्या रुमाल, टॉवेल आणि मोज्यांचा गल्ला एकटा सांभाळतो. मोठे बिल आले की हाक मारतो, "चाचा, एकदा पाहून घ्या." मदत कधी मागावी हे कळणे हाही हिशेबच होय. आपल्या घरी असे मूल असेल तर येत्या आठवड्यापासून त्याच्या हातात दहा रुपये ठेवून सुरुवात करावी, ही विनंती.