घटक 6 : चैतन्य एक की अनेक?

6.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• 'जातीने एक' आणि 'संख्येने एक' यांतील भेद सांगता येईल.
• ज्ञानेश्वर आणि महानुभाव पंथ यांच्या भूमिकांची तुलना करता येईल.
• चैतन्याचे एकत्व आणि करुणा यांचा संबंध तपासून पाहता येईल.

6.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'सर्वांभूती एकच आत्मा आहे' हे वाक्य आपण कीर्तनात, प्रवचनात आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले असेल. परिचयामुळे ते सोपे वाटते. परंतु त्याचा नेमका अर्थ काय, ते खरे मानले तर आचरणात काय बदलते, असे प्रश्न विचारताच त्याची कठीण बाजू पुढे येते.

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात हे प्रश्न केवळ ग्रंथापुरते राहिले नाहीत. येथील जंगलात वावरणाऱ्या टी-1 या वाघिणीवर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका ठेवण्यात आला होता. 2 नोव्हेंबर 2018 रोजी रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात तिला गोळी घालून ठार करण्यात आले. रानात एकट्याने जाण्यास भिणारा शेतमजूर आणि दोन बछड्यांना घेऊन फिरणारी वाघीण या दोघांतही चैतन्य आहे. ते एकच आहे काय? एकच असेल, तर त्यावरून काय ठरते? हे प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

6.3 विषय-विवेचन

6.3.1 'एक' या शब्दाचे दोन अर्थ

हंगामात पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये अनेक शेतांतला कापूस येतो. तो सारा कापूसच, म्हणून जातीने एक. तरीही प्रत्येक शेतकऱ्याचे माप वेगळे होते आणि पैसेही ज्याचे त्याला मिळतात. याउलट, गावाच्या एकाच विहिरीवर दहा घरांचे पोहरे पडतात. पाणी दहा घरी गेले, तरी विहीर संख्येनेही एकच असते.

सर्व सजीवांना जाणीव आहे, एवढे म्हणणे म्हणजे कापसाचे एकत्व सांगणे होय. सर्वांची जाणीव एकच आहे असे म्हणणे म्हणजे विहिरीचे एकत्व सांगणे होय. पहिल्या विधानावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. पुष्कळ चर्चा येथेच घसरते, म्हणून हा भेद पक्का लक्षात ठेवावा.

6.3.2 एकत्वाची बाजू : ज्ञानेश्वर

शांकर अद्वैतानुसार चैतन्य एकच असून अज्ञानामुळे ते अनेक भासते. घटातील आकाश आणि मठातील आकाश वेगळी वाटली, तरी आकाश एकच असते, हा त्याचा प्रसिद्ध दृष्टान्त. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त पुढचे पाऊल टाकले आणि अज्ञान या कल्पनेचेच विस्ताराने खंडन केले. विश्व हा भ्रम नसून त्या एका चैतन्याचा विलास आहे, अशी त्यांची भूमिका. अभ्यासक तिला 'चिद्विलासवाद' म्हणतात. 'चांगदेव पासष्टी'च्या 65 ओव्यांत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन यांच्या ऐक्याचा हाच विचार संक्षेपाने येतो.

विसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनीही 1944 मधील 'व्हॉट इज लाइफ?' या पुस्तकाच्या शेवटी, चैतन्याचा अनुभव कधीही अनेकवचनात येत नाही, असे नोंदवून उपनिषदांच्या विचाराकडे कल दाखवला. मात्र या युक्तिवादावर एक आक्षेप येतो. प्रत्येक घरातून एकच अंगण दिसत असेल, तर साऱ्या गावाला एकच अंगण आहे असे ठरत नाही.

6.3.3 अनेकत्वाची बाजू : सांख्य आणि महानुभाव

सांख्यांचा आक्षेप रोकडा आहे. पुरुष, म्हणजे चेतन तत्त्व, एकच असते, तर एकाच्या जन्माबरोबर सर्वांचा जन्म आणि एकाच्या मृत्यूबरोबर सर्वांचा मृत्यू झाला असता. तसे होत नाही; म्हणून पुरुष अनेक आहेत.

विदर्भातील ऋद्धिपूर हे ज्यांचे महत्त्वाचे केंद्र, त्या महानुभाव पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य व स्वतंत्र पदार्थ मानले. जीव अनेक आहेत आणि मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही. त्याला परमेश्वराच्या आनंदाचा लाभ होतो, पण त्याचे वेगळेपण उरते.

6.3.4 वेदनेची कसोटी

येथे दोन कथा शेजारी ठेवून पाहू. पैठणला रेड्याच्या पाठीवर आसूड पडले आणि त्यांचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तिच्यात एकत्व शब्दशः घेतले आहे. 'लीळाचरित्रा'त शिकाऱ्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला वाचवतात. त्यासाठी ससा आणि आपण एकच आहोत असे मानण्याची गरज त्यांना पडत नाही.

पहिली कथा चमत्कार ठरते, कारण एरवी एकाचा आसूड दुसऱ्याच्या पाठीवर उमटत नाही. यातून एकत्ववाद्यापुढे पेच उभा राहतो. वेदना त्या एका चैतन्याला स्पर्श करीत असेल, तर ती सर्वांना जाणवायला हवी. वेदना अंतःकरणाची आहे, चैतन्य केवळ साक्षी आहे, असे उत्तर दिले, तर चैतन्य एक असल्यामुळे करुणा का उपजावी, हे सांगणे कठीण होते.

अद्वैताच्या बाजूने याला एक विचारणीय उत्तर देता येते. एकत्वाच्या बोधाने दुसऱ्याची वेदना आपल्या शरीरात येत नाही; 'माझी' म्हणून माझ्या वेदनेला जो जास्तीचा मान मी देतो, तो मात्र गळून पडतो. हे उत्तर मान्य केले, तरी करुणेचा दुसरा मार्गही खुला राहतो. ससा वेगळा आहे, आणि त्याची भीती खरी आहे, एवढे त्याला वाचवण्यास पुरेसे होते.

6.3.5 पुन्हा पांढरकवडा परिसरात

आता प्रास्ताविकातील प्रश्न पाहा. चैतन्य एक मानले, तर शेतमजुराचे भय आणि वाघिणीची वेदना दोन्ही त्याच चैतन्याच्या क्षेत्रात येतात. अनेक मानले, तरी दोन्ही खरीच राहतात. कोणताही सिद्धान्त एका बाजूचा निकाल परस्पर देत नाही. त्यासाठी पुरावा, उपलब्ध पर्याय आणि न्याय यांचा वेगळा विचार करावा लागतो. मात्र दोन्ही सिद्धान्त एका गोष्टीला मनाई करतात : दोहोंपैकी एकाचे दुःख हिशेबातूनच वगळण्याला.

6.4 सारांश

सर्वांना चैतन्य आहे, यावरून सर्वांचे चैतन्य एकच आहे हे सिद्ध होत नाही. ज्ञानेश्वर एकत्वाच्या आणि महानुभाव अनेकत्वाच्या वाटेने जातात. जीवमात्राविषयीच्या दयेपाशी मात्र दोघेही पोहोचतात. म्हणून एकत्वाचा वाद मिटेपर्यंत करुणेने थांबून राहण्याचे कारण नाही.

6.5 पारिभाषिक शब्द

उपाधी : वस्तू मुळात एक असूनही तिला वेगळेपण आणणारी मर्यादा; उदा. आकाशाला घट.
चिद्विलास : चैतन्याचा स्वाभाविक आविष्कार.
साक्षी : अनुभवाचा केवळ द्रष्टा.

6.6 सरावासाठी स्वाध्याय

1. जातीने एकत्व आणि संख्येने एकत्व यांतील भेद स्वतःच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
2. सांख्यांच्या आक्षेपाला घटाकाशाच्या दृष्टान्ताने समाधानकारक उत्तर मिळते काय? सकारण लिहा.
3. 'करुणेसाठी एकत्व मानणे आवश्यक आहे.' या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी एक युक्तिवाद मांडा व आपले मत द्या.