रोबोच रोबो जोडतात, मग मुलाने काय शिकायचं?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. परवा एक वडील म्हणाले, "यंत्रंच यंत्रं बनवायला लागलीत. आमच्या पोराने मेकॅनिकलला जाऊन करायचं काय?"

त्यांनी ऐकलं होतं ते खरंच आहे. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी, ओशिनोला फॅनक कंपनीचे कारखाने आहेत. तिथे 2001 पासून पिवळे रोबो आपल्यासारखेच रोबो जोडतात. सलग 30 दिवसांपर्यंत आत माणूस लागत नाही, दिवेही लावावे लागत नाहीत.

पण ते 30 दिवस बिनघोर जावेत म्हणून आधी राबतं कोण? सुटा भाग पकडणारा ग्रिपर, तो जागच्या जागी धरणारं फिक्स्चर, प्रोग्राम, भागांची मापं हे सगळं माणसानेच लावलेलं असतं. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळणं रोबोला सोपं जातं. वायर मात्र त्याला छळते. ती वाकते, दर वेळी वेगळी पडते. शिवाय लाइन थांबली, तर दोष कुठे शोधायचा? सेन्सरवर तेल उडालंय, आतून केबल तुटलीय, हवेचा दाब उतरलाय की प्रोग्राममधला एखादा बिंदू सरकलाय? हे झटपट ओळखणाऱ्याला थोडं मेकॅनिकल, थोडं इलेक्ट्रिकल, न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा), पीएलसी (यंत्राला हुकूम देणारा कंट्रोलर) असं सगळंच यावं लागतं. नोकरी इथे आहे. नुसते भाग उचलून मशीनमध्ये ठेवायचं काम मात्र कमी होत जाणार, त्याच्या भरवशावर राहू नका.

हे काही जपानपुरतं नाही. चाकणच्या बजाज ऑटोत माणसांच्या शेजारी काम करणारे कोबॉट 2010 पासून आहेत.

मार्क कमी पडले म्हणून खचू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, मग थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, असा रस्ता आहे. मला तर तो जास्त पक्का वाटतो, कारण हाताला आधी कानस लागते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेचीही चौकशी करा.

शाखेच्या नावात 'रोबोटिक्स' दिसलं म्हणून लाखांची फी भरू नका. आधी मुलाला घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये जा. रोबो चालवायचा टीच पेंडंट त्याच्या हातात द्यायला सांगा. "किल्ली सरांकडे आहे, सर आज आले नाहीत" असं उत्तर मिळालं, तर दुसरं कॉलेज बघा.