पाणीपट्टीचे कोडे : आधी मोजा, मग बोला

पाणी हेच जीवन, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेले आहे. परंतु त्याच पाण्याचे बिल एखाद्या महिन्यात एकदम फुगून आले, की घराघरांत कुजबुज सुरू होते. जिन्यात बोलणे बंद होते, सभेत आवाज चढतात, आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारी माणसे एकमेकांच्या बादल्या मोजू लागतात. आमच्या इमारतीत असा प्रसंग घडला. त्यातून आम्हांला जे शिकायला मिळाले ते इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रसंग

आमची सहकारी गृहनिर्माण संस्था मुंबईच्या पूर्व उपनगरात आहे. घरे २४ आणि लहानथोर मिळून माणसे ११२. पालिकेचे पाणी एका मीटरमधून तळटाकीत येते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरोघरी उतरते. घराघरांत वेगळे मीटर नाहीत. त्यामुळे इमारतीत एकूण पाणी किती आले हे कळते, पण ते कोणी किती वापरले हे कळत नाही. भांडणाचे मूळ बहुधा येथेच असते.

२०१९ च्या जानेवारी महिन्यात बिल आले, त्यात ७४८ युनिट पाणी लागले होते. आधीच्या बिलात हाच आकडा ४५० होता. युनिट दीडपटीहून अधिक, आणि ठरलेल्या मर्यादेपुढच्या पाण्याला चढा दर असल्यामुळे रक्कम त्याहूनही अधिक वाढलेली. तातडीने सभा बोलावण्यात आली. सभेत कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाकडे बोट दाखविले. त्या घरात ११ माणसे राहत होती. गावाकडून नातेवाईक आलेले आणि लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली. "अकरा माणसं म्हटल्यावर पाणी लागणारच, त्यांनी दुप्पट पट्टी भरावी," असा ठराव तोंडी मांडला गेला आणि अनेकांनी माना डोलावल्या.

त्या घरच्या आजी उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाबांनो, आमच्या बादल्या मोजा. पण मग सगळ्यांच्याच मोजा."

पाण्यावरून माणसाला वेगळे काढणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आजींच्या बोलण्याने सभा शांत झाली. ठराव तहकूब झाला आणि शोध घेण्याचे काम आम्हां तिघांवर सोपविण्यात आले.

पहिला धडा : बिल वाचायचे कसे?

आपल्यापैकी बहुतेक जण बिलातील फक्त शेवटची रक्कम पाहतात. वास्तविक ती सर्वात शेवटी पाहावी. प्रथम चार गोष्टी पाहाव्यात : मागील नोंद, चालू नोंद, त्या दोन नोंदींमधील दिवस, आणि नोंद प्रत्यक्ष घेतलेली आहे की सरासरीने धरलेली. मीटर बंद असेल किंवा वाचता येत नसेल तर सरासरीने बिल येते, आणि पुढे खरी नोंद झाली की मागचा फरक एकदम अंगावर येतो. तेव्हा वाढ झालेली दिसली तरी ती त्याच महिन्यातील असेल असे नाही.

एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १००० लिटर. आमच्या आधीच्या बिलात ३० दिवस होते. ४५० युनिटला ३० ने भागले की रोजचे १५ युनिट, म्हणजे १५,००० लिटर. नव्या बिलात मात्र ३४ दिवस होते. ७४८ ला ३४ ने भागले की रोजचे २२ युनिट. म्हणजे वाढलेल्या २९८ युनिटपैकी ६० युनिट तर केवळ चार जास्त दिवसांचे होते. उरलेल्या २३८ युनिटचाच खरा शोध घ्यायचा होता. रोजचा हिशेब केला तर ७,००० लिटर.

सभेत एवढा गदारोळ झाला, पण हा साधा भागाकार कोणीही केलेला नव्हता. त्यात आम्हीही आलो.

दुसरा धडा : तुलना कशाशी करावी?

शहरातील घरासाठी दरमाणशी रोज १३५ लिटर पाणी हे आपल्या देशात सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. त्याची फोड अशी : पिण्यासाठी ५, स्वयंपाकासाठी ५, आंघोळीसाठी ५५, कपड्यांसाठी २०, भांड्यांसाठी १०, घर पुसण्यासाठी १० आणि संडासासाठी ३० लिटर. आमच्या जुन्या बिलाप्रमाणे माणशी सुमारे १३४ लिटर पडत होते, म्हणजे अगदी प्रमाणात. नव्या बिलाप्रमाणे ते १९६ वर गेले होते.

मग आम्ही प्रत्येक घरी एक कागद दिला. तीन दिवस किती बादल्या भरल्या, फ्लश किती वेळा ओढला, कपड्यांचे मशीन किती वेळा लावले, एवढेच लिहायचे. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एका वेळी १० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडते, तर नव्या दोन बटणांच्या टाकीत तीन आणि सहा लिटरमध्ये काम होते. शॉवरसाठी आम्ही सोपी युक्ती सांगितली. शॉवरखाली बादली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते पाहावे, आणि आपण किती वेळ उभे राहतो त्याच्याशी ताडून पाहावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी वाया जाते ते शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट भरू शकते, हेही पुष्कळांना त्यानिमित्ताने समजले.

कागद गोळा झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ११ माणसांच्या घरात रोजचे १,२१० लिटर लागत होते. म्हणजे माणशी ११० लिटर. तान्हे बाळ आणि बाळंतीण घरात असूनही ते प्रमाणापेक्षा कमीच. कपडे विसळलेले पाणी त्या घरी संडासात ओतले जात होते. याउलट एका घरात माणसे दोनच, पण पाणी ५२० लिटर, म्हणजे माणशी २६० लिटर. ते घर आम्हां तिघांपैकीच एकाचे निघाले. सभेत सर्वात मोठा आवाजही त्याच घरातला होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चोवीसही घरांची बेरीज १४,६०० लिटर झाली. जिना धुणे वगैरे धरून १५,००० च्या आसपास. मीटर मात्र २२,००० सांगत होते. याचा अर्थ ते ७,००० लिटर कोणाच्याच घरात पोहोचत नव्हते! ज्याच्यासाठी आपण शेजाऱ्यावर संशय घेतला, ते पाणी शेजाऱ्याने वापरलेलेच नव्हते.

तिसरा धडा : गळती टप्प्याटप्प्याने शोधावी

पाणी मीटरपासून नळापर्यंत ज्या वाटेने जाते त्याच वाटेने शोध घ्यावा. मधला टप्पा वगळू नये.

पहिला टप्पा मीटरचा. आमची तळटाकी ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर चढले की १५० लिटर आले. पालिकेचे पाणी येण्याच्या वेळी पंप बंद ठेवून आम्ही टाकीत खुणा केलेला बांबू उभा केला. मीटर ६ युनिट पुढे गेले तेव्हा टाकीतील पाणी बरोबर ४० सेंटिमीटर चढले होते, म्हणजे ६,००० लिटर. मीटरही बरोबर आणि मीटरपासून टाकीपर्यंतचा पाइपही धड, हे एकाच परीक्षेत सिद्ध झाले. "मीटरच धावतो" असे म्हणणाऱ्यांचे समाधान झाले.

दुसरा टप्पा तळटाकीचा. पालिकेचे पाणी बंद असताना रात्री ११ ते पहाटे ५ पंप बंद ठेवला. टाकीला तडा असता तर त्या सहा तासांत सुमारे १,७५० लिटर जाऊन पातळी ११-१२ सेंटिमीटर उतरली असती. पातळी जागची हलली नाही. टाकी निर्दोष ठरली.

तिसरा टप्पा घरातील नळ आणि फ्लश. फ्लशच्या टाकीत थोडी कपड्याची नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यात निळे पाणी उतरले तर टाकी गळते आहे असे समजावे. या परीक्षेत तीन घरच्या टाक्या गळक्या निघाल्या. ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरचे माप ठेवावे. ते ४० मिनिटांत भरले तर दिवसाला ३६ लिटर आणि महिन्याला एक युनिटहून अधिक पाणी गेले. ह्या गळत्या दुरुस्त करायलाच हव्यात, पण त्यांनी ७,००० लिटरचा हिशेब लागत नव्हता.

चौथ्या टप्प्यावर आम्ही अडलो. गच्चीवरची टाकी कोरडी, आजूबाजूला ओल नाही. तेव्हा उत्तर मिळाले ते त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून. बाळाला घेऊन पहाटे जागणारी ती लेक सहज बोलून गेली, "दादा, जानेवारीत पाऊस नाही, काही नाही. मग पहाटे पावसाच्या पाइपात पाणी कसं वाजतं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता आम्ही त्या पाइपाला कान लावला आणि कोडे सुटले.

नेमके काय झाले होते?

पावसाळ्यापूर्वी गच्चीची डागडुजी झाली, त्या वेळी टाकीचे वरून सांडणारे पाणी नेणारा पाइप गच्ची स्वच्छ राहावी म्हणून पावसाच्या पाइपाला जोडण्यात आला होता. पूर्वी टाकी भरली की पाणी धो-धो खाली पडे आणि चार जण "पंप बंद करा!" म्हणून ओरडत. आता ते पाणी गुपचूप गटारात जाऊ लागले. पुढे टाकी भरताच पंप बंद करणारा तरंगता स्विच अडकून बसला. रखवालदार नवीन होता. तो घड्याळाकडे पाहून सकाळी व सायंकाळी तासाभराने पंप बंद करी. आमचा पंप तासाला १०,००० लिटर पाणी चढवतो. गरज प्रत्येक वेळी ४५ मिनिटांची, आणि तो चाले सरासरी ६६ मिनिटे. जादा २१ मिनिटांत ३,५०० लिटर. दोन वेळचे ७,००० लिटर. आकडा तंतोतंत जुळला. शिवाय तेवढा वेळ पंप फुकट चालल्याने विजेचे बिलही वाढले होते, तिकडे तर कोणाचे लक्षच नव्हते.

दोष रखवालदाराचाही नव्हता. त्याला टाकी भरल्याचे कळण्याची सोयच आम्ही काढून टाकली होती.

स्विच बदलला. सांडपाइप पुन्हा वेगळा करून तो फाटकाजवळ, सर्वांच्या नजरेसमोर उघडा ठेवला. रोज सकाळी ७ वाजता मीटरची नोंद सूचनाफलकावर लिहिण्याचा नियम केला. पुढच्या बिलात ३१ दिवसांचे ४७१ युनिट आले, म्हणजे रोजचे सुमारे १५. पुढील सभेत आम्ही त्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली. आजी हसून म्हणाल्या, "मोजलंत ना, बरं झालं."

समारोप

येथे एका नियमाची वाचकांनी नोंद घ्यावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टीची विभागणी प्रत्येक घरातील नळजोडांची संख्या व आकार यांवरून करावयाची असते, माणसांच्या डोक्यांवरून नव्हे. पाहुणा आला, मूल जन्मले, म्हणून कोणावर सभेत दंड बसविता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार व तुळशी एवढेच शहरात आहेत. बाकीचे पाणी दूर ठाणे-नाशिक भागातील तानसा, भातसा, वैतरणा ह्या जलाशयांतून येते. त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले. त्या हिशेबाने आम्ही गटारात सोडलेले ७,००० लिटर १२७ माणसांना पुरले असते. बिलाचे पैसे आम्ही भरले, पण ह्या पाण्याची भरपाई कोणत्या पावतीवर होणार?

म्हणून नम्र विनंती अशी, की बिल वाढले तर प्रथम दिवसांनी भागा, मग माणसांनी भागा, मग मीटरपासून नळापर्यंत पाण्याची वाट तपासा. स्वतःच्या घराचा कागद सर्वात आधी भरा. एवढे करूनही हिशेब लागला नाही तर शेजाऱ्याकडे जावे, पण ते बोट दाखवायला नव्हे, विचारायला जावे. कदाचित उत्तर त्याच्याच घरात जागे असेल.