चार पंख्यांचा तोल

पन्हाळ्याच्या घाटांतून एस्. टी.ची गाडी चढत असतां चालकाच्या हातांकडे ज्या विद्यार्थ्यानें लक्ष दिलें असेल, त्यास आजचा धडा निम्मा आलाच आहे असें समजावें. गाडी कडेकडे जितकी सरकेल तितकें चालक चाक उलट फिरवितो. रस्ता एका अंगास कललेला असेल, तर गाडी सारखी तिकडेच ओढली जाते हें ध्यानांत घेऊन तो चाक किंचित् विरुद्ध बाजूस धरून ठेवितो. आणि गाडी झपाट्यानें मध्यावर येऊं लागली म्हणजे ती पलीकडे जाऊं नये म्हणून हात आधींच आवरतो. शर्यतीच्या ड्रोनचा तोल ह्याच तीन कृतींवर अवलंबून असतो.

ड्रोनच्या मध्यभागीं फ्लाइट कंट्रोलर नांवाची एक लहानशी पट्टी असते. तिच्यावरील जायरो हा भाग यंत्र कोणत्या अंगास किती वेगानें वळत आहे, हें सेकंदास हजारों वेळां मोजतो. उडविणाऱ्यानें मागितलेला वेग व प्रत्यक्ष वेग यांतील अंतर, ती चूक. ती दूर करण्यास कोणत्या मोटारीस किती जोर द्यावा, हें पी, आय व डी हे तीन आंकडे ठरवितात. पी आतांची चूक पाहतो. आय मागील चुकांची बेरीज ठेवितो. डी चूक किती झपाट्यानें बदलत आहे हें पाहून हात आवरतो.

ही विद्या ड्रोनबरोबर जन्मलेली नाहीं. जहाजें आपोआप सरळ कशीं चालवावीं याचें गणित निकोलस मिनोर्स्की यांनीं 1922 सालीं प्रसिद्ध केलें. निष्णात सुकाणूधारी केवळ समोरची चूक पाहून चाक फिरवीत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें होतें. आज तेंच गणित बीटाफ्लाइट नांवाच्या प्रणालींत असून ती कोणासही विनामूल्य मिळते.

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें दुसऱ्याच्या ड्रोनचे आंकडे जसेच्या तसे उतरून घेतले. "चांगल्या उडविणाऱ्याचे आहेत, सर," असें तो मोठ्या विश्वासानें म्हणाला, व आम्हींही त्यास अडविलें नाहीं. हा दोष आमचा. दोन मिनिटांत एक मोटार जळाली आणि यंत्र उसांत कोसळलें. पैसे वडिलांनीं कष्टानें दिलेले होते. घरीं सांगण्याचें धैर्य मुलास होईना. म्हणून आम्हीं त्याच्याबरोबर गेलों. वडिलांनीं सारें ऐकून घेतलें व इतकेंच म्हणाले, "दुसऱ्याच्या मापाचं पायताण घालून गड चढतंय का कोण?"

त्या वाक्यांत सर्व कारण आलें. दुसऱ्या ड्रोनचें वजन निराळें, मोटारी निराळ्या. ह्या ड्रोनची चौकट सैल होती व उसना डी मोठा होता. डी हा बदल पाहणारा असल्यामुळें कंपनासही तो मोठी चूक समजतो, मोटारींस क्षणोक्षणीं उलटसुलट आज्ञा देतो, आणि मोटारी तापतात.

खरा क्रम असा आहे. प्रथम यंत्र तपासावें: वाकलेला पंखा बदलावा, स्क्रू घट्ट करावे, बॅटरी हलणार नाहीं अशी बांधावी. सैल चौकटीचा दोष आंकड्यांनीं झांकत नाहीं. संगणकास जोडतांना पंखे काढून ठेवावे व मूळचे आंकडे वहींत उतरावे. मग पी थोडा थोडा वाढवावा. जलद थरथर दिसूं लागतांच एक पायरी मागें यावें. कोलांटी घेऊन थांबतांना यंत्र उलट उसळत असेल, तर डी किंचित् वाढवावा. प्रत्येक बदलानंतर अर्धा मिनिट उडवून उतरवावें, बॅटरी सोडवावी आणि मोटारींस बोट लावून पाहावें. बोट ठेववत नसेल तर डी कमी करावा. शेवटीं आय: वाऱ्यांत नाक आपोआप वळत असेल तर तो वाढवावा, फार झाला तर यंत्र सावकाश डोलूं लागतें. एका वेळीं एकच आंकडा बदलावा, नाहीं तर गुण कशाचा व दोष कशाचा हें कळत नाहीं.

स्थळाचाही विचार हवा. पन्हाळा हें संरक्षित स्मारक असून, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकीं एक म्हणून जुलै 2025 मध्यें त्याचा जागतिक वारसा यादींत समावेश झाला. परवानगीवांचून तेथें ड्रोन उडवूं नये. खालचा मोकळा माळ, धन्याची संमति घेऊन, उत्तम. मात्र माणसें व गुरें दूर असावीं. ड्रोन नियम, 2021 यांनीं 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो व त्याहून जड, 2 किलोपर्यंतचा, मायक्रो ठरविला आहे. आपला ड्रोन वजन करून पाहावा व त्या वर्गाचे नियम पाळावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें पुढें मोटार बदलली, चौकट घट्ट केली आणि एक वही घातली. तींत तारीख, वारा, बदललेला आंकडा व मोटारींची उष्णता अशा नोंदी आहेत. ड्रोन आतां थरथरत नाहीं. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलाच्या हातीं असें यंत्र देतांना त्याबरोबर एक कोरी वहीही द्यावी, आणि अधूनमधून ती पाहण्यास मागावी.