घरभरणीआधी पंधरा दिवस

पोरा, आता कामं तू धरायला लागलास. लांबी कशी ओढायची, दुसरा हात कधी मारायचा, हे तुला येतं. मला तुझ्याशी बोलायचंय ते वासाबद्दल, कारण आपल्या धंद्यात त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

नव्या रंगाचा वास लोकांना आवडतो, घर नवं झाल्यासारखं वाटतं. पण तो वास म्हणजे डब्यातलाच माल असतो, हवेत उडालेला. तेलरंग वाळतो तेव्हा आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं, मग मागं राहिलेला थर हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो. खिडक्या बंद असतील तर उडालेलं टर्पेंटाइन घरातल्यांच्या छातीत जातं. पॉलिशच्या थिनरमध्ये टोल्युईन, झायलीन असतं. त्यानं डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला धाप लागते. डब्यावर ‘व्हीओसी’ लिहिलेलं असतं ते ह्याच उडणाऱ्या द्रव्यांबद्दल. युरोपात 2010 पासून घरातल्या भिंतीच्या पाण्याच्या मॅट रंगाला लिटरमागं 30 ग्रॅमची मर्यादा आहे आणि दारं-खिडक्यांच्या तेलरंगाला 300 ग्रॅमची. दहापट फरक आहे. म्हणून भिंतीला पाण्याचाच रंग सुचव. तेलरंग चौकटी आणि ग्रिलपुरताच ठेव, आणि सुटी दारं अंगणात काढून रंगव.

गिऱ्हाईक येतं ते तारीख घेऊनच. गुरुवारी घरभरणी, बुधवारी रात्री शेवटचा हात. असलं काम घेऊ नकोस. भटजींनी काढलेल्या मुहूर्ताच्या पंधरा दिवस आधी आपला ब्रश धुऊन झाला पाहिजे, हे बोलणी करतानाच सांग. त्या पंधरा दिवसांत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायला लाव. एकच खिडकी उघडून भागत नाही, हवेला आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन वाटा लागतात. कपाटांची दारं आणि ड्रॉवरही उघडे टाकायचे. घाईत आणखी एक धोका असतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवरून पसरत जाते. बंद खोलीत पॉलिश चालू आणि शेजारी कुणी समई लावली किंवा होम पेटवला, तर भडका उडायला वेळ लागत नाही. बाळंतीण, पोटुशी बाई, तान्हं मूल किंवा दमेकरी घरात असेल तर त्यांना काम संपेपर्यंत पाव्हण्यांकडे धाडायला सांग. हे सांगायला लाजू नकोस.

गौरी-गणपतीच्या आधी सगळ्यांना रंग हवा असतो. आपल्याकडे त्या दिवसांत पाऊस असतो, खिडक्या मिटलेल्या, तेलरंग दोन-दोन दिवस चिकट राहतो. त्या वेळी चुना किंवा पाण्याचा रंग दे, आणि तेलरंग दसऱ्याच्या उन्हावर ढकल.

प्लायवूडचं वेगळं आहे. त्याच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटतं आणि ते महिनोन्‌महिने सुटत राहतं, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. ह्या वायूला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातलेलं आहे. सनमायका एका बाजूला लावून कडा उघड्या सोडलेल्या असतात, त्या बंद करून घे. पोराच्या खोलीत नवं कपाट आणि नवी गादी एकदमच नको.

वास मारायला बायका ऊद घालतात, उदबत्ती लावतात. त्यांना समजावून सांग की त्या धुरातही बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइड असतं, म्हणजे ओझं वाढतंच. कापलेल्या कांद्यानं काही होत नाही. झाडांच्या कुंड्यांचंही तसंच. 1989 मध्ये नासानं झाडांचा प्रयोग केला तो बंद पेटीत. राहत्या घराला उघडी खिडकीच लागते.

आता तुझ्या स्वतःबद्दल ऐक. रंगाऱ्याचा धंदा कर्करोगाचा धोका असलेला आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1989 मध्येच म्हटलंय, तेही पहिल्या वर्गात. नाकावर रुमाल बांधलास तर धूळ थोडीफार अडेल, वाफ अडत नाही. कोरोनातला मास्कही वाफेला उपयोगी नाही. कोळशाच्या डब्या लावलेला मुखवटा घे, आणि आत वास येऊ लागला की डब्या बदल. तासाभरात नाक मरतं, वास कळेनासा होतो, पण वाफ तेवढीच असते. म्हणून नाकावर विश्वास ठेवू नकोस, घड्याळ बघून बाहेर ये. हात थिनरनं धुवायचे नाहीत, ते कातडीतून आत जातं. शेंगतेल चोळ, रंग सुटतो, मग साबण लाव. रंगाच्या हातानं तंबाखू मळायची नाही. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून ठेव. जुन्या वाड्याची दारं कोरडी घासू नकोस, ओली घास. जुन्या रंगात शिसं असतं. 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या दारांना ती कुठली?

ब्रश धुतलेलं थिनर गटारात ओतलंस तर ते हिरण्यकेशी नदीच्या वाटेला लागतं. डब्यात झाकून ठेव, गाळ खाली बसतो, वरचं निवळ पुन्हा वापर. पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नकोस, घरात पोरं असतात. झाकण उघडं राहिलं तर पैसाही उडतो आणि हवाही बिघडते. ही वाफ गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंना उन्हात मिळाली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसाला आणि पिकाच्या पानाला दोन्हीला बाधतो.

एका डब्यानं काय होतंय, असं कुणी म्हणालं तर त्याला मुंबईतल्या माहुलचं सांग. चेंबूरला आपली माणसं आहेत, त्यांना ठाऊक आहे. तिथल्या तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्या भरताना-रिकाम्या करताना अशीच वाफ सुटायची. रहिवाशांनी हरित लवादाकडे दाद मागितली, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये लवादानं चार कंपन्यांना मिळून 286 कोटी रुपये भरायला सांगितले. तिथं लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरातली हवा तुझ्या हातात आहे. उद्यापासून अंदाजपत्रकात रंग, मजुरी आणि लांबीच्या खाली एक ओळ वाढव: खिडक्या उघड्या ठेवायचे दिवस, पंधरा.