एकाच झाडाच्या अळ्या, दोन तऱ्हेच्या माद्या

प्रश्न : सोनाळ्याला आमची संत्र्याची बाग आहे. मुलीने झाडावरच्या अळ्या आणून घरात पाळल्या. बहुतेक कोषांतून काळी, मागच्या पंखांवर पांढरा पट्टा असलेली फुलपाखरं निघाली. दोन मात्र लाल ठिपक्यांची निघाली. अळ्या तर सगळ्या सारख्याच होत्या. लाल ठिपक्यांचं वाण सातपुड्याकडचं वेगळं असतं का? की घरात पाळल्याने रंग बदलला?
– एक बागायतदार, सोनाळा (ता. संग्रामपूर)

उत्तर : दोन्ही नाही. वर्णनावरून ही सगळी एकाच जातीची दिसतात : कॉमन मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटिस. स्वॉलोटेल म्हणजे शेपटीच्या फुलपाखरांच्या कुळातली ही जात. संत्रा, लिंबू, बेल आणि कढीपत्ता यांची पानं अळीला चालतात. (तुमच्या बागेत याच कुळातलं पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं लाइम फुलपाखरूही असणारच. कूळ शेपटीवाल्यांचं असलं तरी त्याला शेपटी नसते.)

पांढऱ्या पट्ट्याचे ते सगळे नर, किंवा नरासारख्या दिसणाऱ्या माद्या. लाल ठिपक्यांच्या त्या दोघी नक्कीच माद्या. मॉरमॉनच्या माद्यांची आपल्याकडे तीन रूपं असतात. एक नरासारखं. दुसरं कॉमन रोझ या फुलपाखराची नक्कल करतं : मागच्या पंखात मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल ठिपके. तिसरं क्रिमसन रोझची नक्कल करतं, त्याच्या पुढच्या पंखांवरही पांढरे पट्टे असतात. या दोन्ही रोझच्या अळ्या किडामार, सापसंद यांसारख्या विषारी वनस्पतींवर वाढतात. ते विष अंगात उरतं, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉरमॉन मादीत विष नसतं, फक्त सोंग असतं. ओळखायची खूण सोपी आहे : खऱ्या रोझच्या अंगावर लाल रंग असतो, मॉरमॉनचं अंग काळं असतं.

मग एकाच झाडावरून दोन तऱ्हा कशा? आधी हे लक्षात घ्या की एका झाडावर अनेक माद्या अंडी घालून जातात. पण सगळी अंडी एकाच आईची असती तरी असं घडू शकलं असतं. सोंगाचा गुण आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. मुलीला दोघांपैकी एकाकडून मिळाला तरी पुरतो, मुलात मात्र तो असूनही दिसत नाही. म्हणजे आई साधी, नरासारखी असली तरी बापाच्या अंगात दडलेलं सोंग लेकीत उघड होतं.

पाळलेल्या फुलपाखरांनीच हे शिकवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. सी. एफ. फ्रायर यांनी सिलोनात मॉरमॉनच्या पिढ्या पाळून पाहिलं, की मेंडेलचा नियम इथंही लागू पडतो. पुढे लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी पिंजऱ्यात फुलपाखरांची जोडी हाताने जुळवून हा हिशेब आणखी पक्का केला. (आरएच-विसंगतीने बाळं दगावू नयेत म्हणून आईला जे इंजेक्शन देतात, त्यामागच्या संशोधकांत हेच क्लार्क होते.) शेवटची गाठ २०१४ साली सुटली. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हे सगळं डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर चालतं. कीटकांत नर-मादीचा फरक घडवण्यात याच जनुकाचा हात असतो. सोंग फक्त मादीतच का दिसतं, याचा धागा तिथं सापडतो.

आता तुमच्या ‘वाणा’कडे वळू. प्रदेशागणिक फरक पडतो, पण तो वेगळ्या पद्धतीने. क्रिमसन रोझ हे मुख्यतः दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं फुलपाखरू, म्हणून त्याची नक्कल करणारी मादीही तिकडेच जास्त. पूर्वेकडे, आग्नेय आशियात ते नाही, तिथं कॉमन रोझचं सोंग चालतं. जपानच्या दक्षिणेला मियाको बेटावर कॉमन रोझ गेल्या शतकात नव्यानं येऊन स्थिरावलं, आणि त्यानंतर तिथल्या मॉरमॉनमध्ये सोंगाड्या माद्यांचं प्रमाण वाढत गेलं. थोडक्यात, कोणती लेक तरेल हे शेजारी कोणतं विषारी फुलपाखरू उडतं त्यावर ठरतं. तुमच्याकडे काळ्या जमिनीत किडामार तण म्हणून उगवतं. बांधावर ते किती आहे, हे पाहून घ्या. मला तुमच्या प्रश्नातला सर्वांत रंजक भाग तोच वाटतो.

घरात पाळल्याने पंखांची नक्षी बदलत नाही. खाणं कमी पडलं तर फुलपाखरू लहान निघतं एवढंच. कोषाचा रंग मात्र बदलतो : हिरव्या पानाजवळ हिरवा, खरबरीत काडीवर तपकिरी. त्यावरून वेगळी जात समजू नका. अळीचंही तसंच. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या कातीनंतर हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते.

बागेच्या दृष्टीने या अळ्यांची खरी धास्ती रोपवाटिकेला आणि नव्या लागवडीला. मोठं झाड सहज सोसतं, त्यासाठी फवारणीची गरज नाही. रोपांवरच्या अळ्या हाताने वेचून मुलीच्या ताब्यात द्या आणि निघालेल्या माद्यांपैकी कोणत्या रूपाच्या किती, हे तिला वहीत तारखेसह लिहू द्या. फक्त अंबाबरवा अभयारण्यातून अळी किंवा कोष आणू नका. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमच्या संत्र्यावर त्या पुरेशा आहेत.