ऊन, पाणी आणि रसायन

रोज उन्हात वाळणारी रंगीत साडी काही महिन्यांत फिकी पडते. प्रकाश रंगाचे रसायन मोडतो, हे आपण दारातच पाहतो. मग पाण्यातले रसायनही ऊन मोडेल का? काही रसायने मोडतात, पण फार हळू. बरीचशी मोडतच नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी उन्हाला मदतनीस शोधला. त्याला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणारे टायटॅनियम डायऑक्साइड हा जुना प्रकाश-उत्प्रेरक. पण त्याला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के असतात.

२००९ साली जर्मनी, जपान आणि चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले की कार्बन नायट्राइड नावाची पिवळी पूड डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावरही काम करते. ती कार्बन आणि नायट्रोजनची बनते, म्हणून तिला सेंद्रिय अर्धवाहक म्हणतात. इथे 'सेंद्रिय'चा अर्थ कार्बनचे, एवढाच. सेंद्रिय शेतीशी त्याचा संबंध नाही. शेतात टाकतो तो युरिया सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवूनही ही पूड मिळते. त्यातून अमोनिया वायू सुटतो, म्हणून हे काम प्रयोगशाळेतच व्हावे.

पूड काय करते? निळसर प्रकाश पडला की तिच्या कणातील इलेक्ट्रॉन जागा सोडतो. तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो आणि ऑक्सिजन तिखट होतो. हा तिखट ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉनची रिकामी झालेली जागा मिळून रंगाच्या किंवा औषधाच्या रेणूचे तुकडे करतात.

पण रंग गेला म्हणजे विष गेले असे नाही. रेणूचे अर्धवट तुकडे पाण्यात उरू शकतात आणि त्यांतले काही घातकही असू शकतात. शिवाय वापरलेली पूड पाण्यातून पुन्हा वेगळी काढावी लागते. म्हणून पाणी शुद्ध करायची पूड कोणी दारावर विकायला आला, तर तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आज घरी काय करावे? स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत (२ लिटरपर्यंत) गाळलेले, नितळ पाणी भरून कडक उन्हात ६ तास आडवी ठेवली, तर जुलाबाचे बहुतेक जंतू मरतात. आभाळ असेल तर २ दिवस ठेवावी. पाणी उकळले तर आणखी उत्तम.

मात्र ऊन किंवा उकळी रसायन काढत नाही. पाणी आटले तर क्षार आणि धातू उलट दाट होतात. बोअरच्या पाण्याला रंग, फेस किंवा रसायनाचा वास आला, तर ते पिऊ नका आणि त्यात स्वयंपाकही करू नका. वास-रंग नसला तरी पाणी निर्धोक असेलच असे नाही. म्हणून वस्तीने मिळून पालिकेकडे किंवा जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडे तपासणीचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.